घरचा लिनक्स सर्व्हर : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा

अमरावती आणि अकोल्याच्या बाजारपेठेत आज लहानमोठ्या दुकानांतही संगणकावर बिल होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून लाल कापडातल्या वहीची जागा हळूहळू संगणकाने घेतली. कापडाचा साठा, डाळीच्या पोत्यांचा हिशेब, गावोगावच्या गिऱ्हाइकांची उधारी, शिलाईची मापे, फर्निचरवाल्याची डिझाइने, फ्लेक्स छापणाऱ्याच्या फाइली, लग्नाच्या फोटोंचा साठा, सारे काही एका डब्यात जाऊन बसले. पण हा डबा बंद पडला तर काय, याचा विचार फार थोड्या बांधवांनी केला आहे. वही भिजली तरी उन्हात वाळवून वाचता येते. डिस्क मेली तर उधारी कोणाकडे किती होती हे सांगायलाही कोणी उरत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे २०२४-२५ या वर्षाचे हिशेब डिसेंबर २०३१ अखेरपर्यंत दाखवता आले पाहिजेत. दुकानातला स्वस्त संगणक इतकी वर्षे टिकेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

यावर काही जण म्हणतात की सगळे क्लाउडवर ठेवा, म्हणजे दूरच्या कंपनीच्या यंत्रावर. सोय चांगली आहे, पण ती इंटरनेटवर अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात संचारबंदीच्या दिवसांत इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली होती. अशा वेळी ज्यांचे सारे हिशेब दूरच्या यंत्रावर होते, त्यांना स्वतःचीच वही उघडता येणे शक्य नव्हते. म्हणून क्लाउड असले तरी एक पक्की प्रत आपल्या घरात असावी. हे काम घरचा लिनक्स सर्व्हर करतो. त्यासाठी यंत्रसामग्री कशी निवडावी, एवढ्यापुरतेच आम्ही येथे लिहीत आहोत.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हे नाव ऐकून दचकू नये. घरातला एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि दुकानातल्या, घरातल्या इतर संगणकांनी आपल्या फाइली त्यावर ठेवायच्या, एवढाच त्याचा अर्थ. त्याला पडदा लागत नाही, की-बोर्ड लागत नाही. खाली दुकान आणि वर घर असेल तर एका वायरीने काम भागते. दुकान लांब असेल तर रोज रात्री इंटरनेटवरून प्रत घरी येते, आणि इंटरनेट नसेल तेव्हा छोटी डिस्क खिशात घालून आणता येते.

लिनक्स ही फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली संगणक प्रणाली आहे. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. डेबियन, उबुंटू ही तिचीच रूपे. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. सर्व्हरसाठी डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. तिला पाच वर्षांच्या आसपास सुरक्षा सुधारणा मिळत राहतात. विंडोजवरच्या संगणकांना या यंत्रावरील फाइली दिसाव्यात म्हणून 'सांबा' नावाची प्रणाली आहे, तीही फुकट. टॅलीसारखी बिलाची प्रणाली विंडोजवर जशी चालते तशीच चालू द्यावी. सर्व्हरने फक्त तिच्या डेटाची राखण करावी.

वऱ्हाडात वेगापेक्षा टिकाऊपणा हवा

पुण्या-मुंबईचे जाणकार सांगतात तो सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. हवेत कापसाचे तंतू, डाळ मिलचा भुसा, वेल्डिंगची आणि लाकडाची भुकटी असते. वादळी पावसात लाईन जाते आणि परत येताना झटका देऊन येते. आपल्याकडे सर्व्हर संथ आहे म्हणून कधी अडत नाही. तो मरतो उष्णतेने, धुळीने किंवा विजेच्या धक्क्याने.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रोसेसरवर पैसा वाचवा. तो पैसा डिस्क, यूपीएस आणि दुसऱ्या प्रतीवर घाला. शंभर रुपये खर्चायचे असतील तर यंत्रावर चाळीसपेक्षा जास्त घालू नयेत. बहुतेक जण याच्या उलट करतात. चकचकीत नवा संगणक घेतात आणि यूपीएससाठी हात आखडतात.

यंत्र कोणते घ्यावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा थांबल्या. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे बँका, कंपन्या आणि कार्यालये सहाव्या-सातव्या पिढीची चांगली यंत्रे मोडीत काढत आहेत. विंडोजच्या दृष्टीने ती म्हातारी झाली, पण लिनक्सच्या दृष्टीने अजून भर जवानीत आहेत. फाइली ठेवणे आणि प्रती काढणे या कामाला ती पुरून उरतात. आपल्या व्यापाऱ्यांसाठी ही चालून आलेली संधी आहे.

यात डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी आणि लेनोवो थिंकसेंटर टायनी ही पुस्तकाएवढी यंत्रे विशेष उपयोगी आहेत. ती लॅपटॉपच्या अडॅप्टरवर चालतात. प्रोसेसरच्या नावात पिढी ओळखता येते. 'आय ५-६५००टी' यातला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी आणि शेवटचा 'टी' म्हणजे कमी वीज खाणारा. हे अक्षर असलेले यंत्र मिळाले तर तेच घ्यावे.

विजेचा हिशेब दुकानदाराला लगेच पटेल. रिकामे बसलेले असे छोटे यंत्र साधारण १५ वॅटपर्यंत वीज घेते. जुना मोठा डबा सहज ६० वॅट घेतो. सर्व्हर वर्षभर चालतो, म्हणजे छोटे यंत्र सुमारे १३१ युनिट खाईल आणि मोठे ५२५ युनिट. युनिटचा दर दहा रुपये धरला तर वर्षाला जवळपास चार हजारांचा फरक पडतो, पाच वर्षांत वीस हजारांचा. नातेवाइकाने फुकट दिलेला जुना डबा असा महाग पडतो. शिवाय जितकी वीज तितकी उष्णता, हेही ध्यानात असू द्यावे.

ज्यांच्याकडे फक्त बिले आणि खाती आहेत त्यांचा अनेक वर्षांचा डेटाही सहसा काही जीबींच्या वर जात नाही. त्यांना छोटे यंत्र, ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी पुरते. फोटो स्टुडिओ, फ्लेक्स आणि छपाईवाले यांची गोष्ट वेगळी. त्यांना मोठ्या हार्डडिस्क लागतात आणि त्या पुस्तकाएवढ्या यंत्रात मावत नाहीत. त्यांनी त्याच कंपन्यांचा 'एसएफएफ' म्हणजे आडवा, थोडा मोठा डबा घ्यावा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी आणि एसएसडीचे भाव बरेच चढले आहेत. म्हणून जुन्या यंत्रात ८ जीबी मेमरी आधीच बसवलेली आहे का, हे पाहूनच सौदा करावा.

इतर तीन पर्यायांबद्दल थोडक्यात. रास्पबेरी पाय हे तळहाताएवढे यंत्र वीज फार कमी खाते. पण अडॅप्टर, पेटी आणि एसएसडी जोडता जोडता त्याची किंमत जुन्या छोट्या यंत्राच्या जवळ जाते. त्यावर मेमरी कार्डात डेटा तर मुळीच ठेवू नये, सतत लिहिण्याने कार्ड लवकर जाते. जुन्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते ही जमेची बाजू. पण आपल्या उन्हाळ्यात रात्रंदिवस चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते. काही लॅपटॉपांत चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवता येते, तसे करावे. फुगलेली बॅटरी दिसली की यंत्र त्याच दिवशी बंद करून ती काढून टाकावी, तिथे आगीचा धोका असतो. तिसरा पर्याय इंटेल एन १०० प्रोसेसरच्या नव्या छोट्या डब्यांचा. वीज कमी आणि काम चांगले, पण ओळखीच्या कंपनीचा असेल आणि हमी आपल्या शहरात पाळली जात असेल तरच घ्यावा.

जुने यंत्र पारखताना

नागपूरचे सीताबर्डी असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या गावातला ओळखीचा दुकानदार, यंत्र पारखल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जाताना लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह खिशात न्यावा. त्यावरून यंत्र सुरू होते आणि आतल्या डिस्कला हात न लावता सगळे तपासता येते. पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, प्रोसेसर ६४ बिटचा असावा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही आवृत्ती जुन्या ३२ बिटच्या यंत्रांवर नव्याने बसवता येत नाही. दुसरी, बायोसला पासवर्ड नसावा. कंपन्यांतून आलेल्या यंत्रांना तो अनेकदा राहून गेलेला असतो आणि मग एकही बदल करता येत नाही. तिसरी, बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू करण्याची सोय असते, ती चालू करून वायर काढून लावून पाहावी. लाईन येऊनही सर्व्हर झोपून राहिला तर रात्रीची प्रत निघणार नाही. चौथी, अडॅप्टर मूळ कंपनीचा असावा. काही यंत्रे परका अडॅप्टर ओळखतात आणि आपला वेग कमी करतात. पाचवी, मेमरी तपासणारी 'मेमटेस्ट' प्रणाली घरी आणल्यावर रात्रभर चालवावी. एकही चूक दाखवली तर मेमरी बदलून मागावी, तसे सौद्याच्या वेळीच ठरवून घ्यावे.

बिल अवश्य घ्यावे आणि त्यावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. बिनबिलाचे यंत्र पाचशे रुपयांनी स्वस्त मिळते, पण ते चोरीचे निघाले तर चौकीच्या चकरा आपल्यालाच माराव्या लागतात. घरी आणल्यावर पंखा साफ करावा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट नवी लावावी आणि आतला नाण्याएवढा सेल बदलावा. खर्च किरकोळ, फायदा मोठा.

डिस्कमध्ये काटकसर नको

यंत्र जुने चालेल, डिस्क मात्र नवीच हवी. यंत्राबरोबर आलेली जुनी डिस्क प्रयोगाला वापरावी, हिशेबाला नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की तपासणीत पहिली वाचनचूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे पहिली चूक दिसली की डिस्क बदलायची, दुसरीची वाट पाहायची नाही.

ही चूक दिसते कोठे? प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. 'स्मार्टमॉनटूल्स' नावाच्या फुकट प्रणालीने ती वाचता येते. त्यात 'रिअलोकेटेड सेक्टर' आणि 'पेंडिंग सेक्टर' हे आकडे शून्य असावेत. 'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. ८,७६० तास म्हणजे एक वर्ष. नवी म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास निघाले तर ती परत करावी.

बाजारात 'दोन टीबी' लिहिलेले मातीमोल भावाचे पेन ड्राइव्ह आणि बाहेरून जोडायच्या एसएसडी मिळतात. त्यांत बहुधा थोडीच जागा असते आणि फसवून मोठा आकडा दाखवलेला असतो. फाइली गेल्यासारख्या दिसतात, उघडताना सापडत नाहीत. लिनक्सवर 'एफ ३' नावाची प्रणाली अशा डिस्कची खरी जागा मोजून दाखवते.

मोठी हार्डडिस्क घेताना ती 'सीएमआर' प्रकारची आहे का, हे विचारावे. 'एसएमआर' प्रकार स्वस्त पडतो, पण सतत लिहिण्याच्या कामात तो रेंगाळतो. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मात्र एसएसडी नको. विजेशिवाय फार काळ पडून राहिली, त्यातही गरम जागी, तर तिच्यातला डेटा पुसट होऊ शकतो. कपाटासाठी साधी हार्डडिस्कच बरी.

वीज, अर्थिंग आणि जागा

यूपीएसशिवाय सर्व्हर लावू नये. लिहिणे चालू असताना लाईन गेली तर अर्धवट फाइल बिघडते. छोट्या यंत्राला आणि राउटरला मिळून ६०० व्हीएचा यूपीएस पुष्कळ झाला, नवी बॅटरी असेल तर तासभराच्या आसपास तग धरतो. यूएसबी वायर असलेला घ्यावा, म्हणजे 'नट' या प्रणालीच्या मदतीने बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. आपल्या हवेत बॅटरीचे आयुष्य कमी असते. तिचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते निम्मे होत जाते. म्हणून दर दोन वर्षांनी, शक्यतो फेब्रुवारीत, बॅटरी तपासून घ्यावी. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण यूपीएसच्या खुणेवर ठेवावे, म्हणजे तो लवकर वीज धरतो. तरीही छोटा यूपीएस मध्ये असावाच.

अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करावे. चांगल्या यंत्रालाही खराब अर्थिंग खाऊन टाकते.

जागा निवडताना घरातली सर्वांत थंड भिंत शोधावी. पत्र्याखाली, फ्रिजवर किंवा बंद कपाटात यंत्र ठेवू नये. हार्डडिस्कची मर्यादा कंपन्या साधारणपणे ६० अंश देतात. खोलीत ४२ अंश असतील तर डब्याच्या आत त्याहून दहा अंश सहज जास्त होतात, म्हणजे हातात फारसे काही उरत नाही. डिस्क ४५ अंशांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा. उन्हाळ्यात एक लहान पंखा समोर लावला तरी मोठा फरक पडतो. दर दोन महिन्यांनी धूळ काढावी. पिंजारी, सुतार, वेल्डर आणि डाळ मिलवाले बांधव यांनी दर महिन्याला काढावी, आणि यंत्र कारखान्यात न ठेवता घरातच ठेवावे.

यंत्र जमिनीवर कधीही ठेवू नये. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात अतिवृष्टी झाली, मोर्णेला पूर आला आणि अनेक वस्त्यांत पाणी शिरले. कमरेच्या उंचीवर भिंतीला मारलेली लोखंडी फळी दीड-दोनशे रुपयांचे काम आहे. ती आधी मारावी, यंत्र नंतर आणावे.

जोडणी शक्यतो वायरीने करावी. कॅट ६ वायर आणि साधा स्विच वायफायपेक्षा भरवशाचा. आणि सर्व्हरला इंटरनेटच्या बाजूने कोणतेही दार उघडे ठेवू नये. बाहेरून पाहायचेच असेल तर व्हीपीएन लावून पाहावे आणि ते जाणकाराकडून बसवून घ्यावे.

दुसरी प्रत नसेल तर सर्व व्यर्थ

दोन डिस्का आरशासारख्या जोडल्या की काम झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. एक डिस्क मेली तर दुसरी चालू राहते, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांत संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. असा व्हायरस दुकानातल्या संगणकाला जोडलेल्या डिस्कांवरही हात टाकतो. म्हणून प्रत काढण्याचे काम सर्व्हरने स्वतः करावे. दुकानातल्या संगणकाला जुन्या प्रती बदलण्याचा अधिकारच देऊ नये. यासाठी 'आरसिंक' ही प्रणाली पुरेशी आहे, आणि रोजची प्रत वेगळ्या तारखेने ठेवता येते.

तीन प्रती असाव्यात. एक दुकानातल्या संगणकावर, एक घरच्या सर्व्हरवर आणि एक घराबाहेर. तिसरी प्रत दोन लहान हार्डडिस्कांवर आलटून पालटून काढावी. ज्यांचे दुकान शुक्रवारी बंद असते त्यांनी त्या दिवशी ती काढावी आणि भावाच्या किंवा मेहुण्याच्या घरी नेऊन ठेवावी. डिस्कला लिनक्समधून कुलूपशब्द लावावा, म्हणजे ती हरवली तरी गिऱ्हाइकांची नावे कोणाच्या हाती लागणार नाहीत. तो शब्द कागदावर लिहून घरातल्या जबाबदार माणसाजवळ ठेवावा.

आणि महिन्यातून एकदा जुन्या प्रतीतून एक बिल उघडून पाहावे. प्रत निघते आहे असे आपण समजतो आणि गरज पडते तेव्हा ती रिकामी निघते. रमजान-ईदच्या आणि लग्नसराईच्या हंगामात उधारी सर्वांत जास्त असते. निदान त्या हंगामाच्या आधी तरी ही परीक्षा घ्यावी.

शेवटी एक सूचना. हे यंत्र लावायला मोठा इंजिनियर लागत नाही, पण सांभाळायला माणूस लागतो. मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचे काम शिकलेली मुले आता प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांनी लिनक्स शिकून घ्यावे. प्रणाली फुकट आहे, सरावाला जुने यंत्र स्वस्त आहे, आणि चाळीस-पन्नास दुकानांच्या सर्व्हरची वर्षाची देखभाल हाती आली तर तो एक पक्का धंदा होऊ शकतो. व्यापारी बांधवांनीही या मुलांना योग्य मजुरी द्यावी. कुलूपवाल्याला पैसे देताना आपण घासाघीस करतो, पण कुलूप तकलादू मागत नाही. हिशेबाच्या राखणीलाही हाच न्याय लावावा.